दोराचं दुसरं टोक

लष्करातल्या गिर्यारोहक भुजंगचा सत्कार व्हावा म्हणून कुंभार पिंपळगावात सगळ्यांत जास्त धावपळ केली ती साधनानं. लोकांना नवलच वाटलं. तिचा नवरा अंगद गेल्या साली लष्कराच्या तुकडीबरोबर आल्प्सवर गेला होता, भुजंगच्याच दोराला बांधलेला. बर्फाच्या भेगेत पडला आणि दोन्ही पायांची बोटं गमावून घरी आला. चौकशीत भुजंगनं लिहून दिलं, अंगदनं दोर धारदार खडकावरून नेला, घासून तुटला. डोक्याला मार बसलेल्या अंगदला काही आठवत नव्हतं. कागदावर शिक्का बसला, स्वतःचा निष्काळजीपणा.

सामानातून त्याच्या कमरेला राहिलेला दोर आला. सासूनं, गोपिकाबाईनं, टोकावरून अंगठा फिरवला. मेंढरांच्या लोकरीचे दोर वळण्यात तिचा जन्म गेलेला. "घासला असता तं धाग्याच्या झिपऱ्या निघाल्या असत्या. हा कापलाय."

"सोडवायला आले त्यांनी कापला आसंल," भिंतीकडं तोंड करून अंगद म्हणाला.

तेव्हापासून साधनाला भुजंगकडं राहिलेलं दुसरं टोक हवं होतं; दोर घासून तुटला असेल तर तिथं झिपऱ्या असणारच. लेकीला पाजताना, रात्रीतून चारदा तिचं कपाळ चाचपताना, डोक्यात तेवढंच. भुजंगला ती दर महिन्याला गोड आवाजात फोन करी. "भाऊजी, औंदाच्या मोहिमेवरून आले की गावात या. आन् तो दोर आणा बरं का, लोकायला बघायचाय."

तो आला. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, टेबलावर बर्फात रोवायची कुऱ्हाड आणि निळ्या दोराचं वेटोळं. मेंढरं राखणाऱ्यांच्या गावात गडी दोर मिरवायला घेऊन आला होता!

साधना लेकीला कडेवर घेऊन ओवाळायला स्टेजवर गेली, मागोमाग सासू. तबकात हळदकुंकवाशेजारी अंगदच्या दोराचा तुकडा. तिनं वेटोळ्याचं टोक ओढून त्याला भिडवलं. गोपिकाबाईनं दोन्ही टोकं चाचपली आणि खुर्चीतल्या सरपंचापुढं धरली. "बघ तातेराव, एक तरी झिपरी सापडती का?"

तातेरावनं टोकं चोळून पाहिली, झिपरी एकही नव्हती. मग भुजंगकडं पाहिलं.

भुजंग साधनाच्या कानाशी वाकला. "वहिनी, तो खाली लटकला होता, मी बी घसरून राह्यलो होतो. दोघंबी गेलो असतो."

"कापला त्याचं न्हाई म्हणत मी. मंग चूक त्यायच्या नावावर का घातली?"

"माझी नोकरी गेली असती."

"त्यायची गेली."

लेक फेट्याच्या तुऱ्याला हात घालू पाहत होती. साधनानं तो हात खाली घेतला आणि माइक भुजंगच्या तोंडाशी आणला. "आता यात बोला. सावकाश. घरी ते फोनवर ऐकून राह्यले."

तो बोलला. भोंग्यातून शब्द न् शब्द गावभर गेला. टाळी एकही नाही. संपल्यावर त्यानं फेटा उतरवायला हात वर नेला.

"राहू द्या," साधना म्हणाली. तबकातल्या सुपारीखालून तिनं कोरा कागद आणि पेन काढलं. "फेटा बांधूनच बसा, आन् हेच लिहून द्या. सरपंच सही करतील."