परतवाड्याचा बाटल्यांचा वाफा

रविवार, १ फेब्रुवारी १९३१, सकाळी साडेदहा. अमरावतीच्या कॅम्पात भरलेल्या फुलांच्या प्रदर्शनात एका म्हातारीनं पहिल्या बक्षिसाच्या मांडणीतली निळी बाटली उचलली. तिच्यातलं फूल बाजूला ठेवलं, पाणी जमिनीवर ओतलं आणि बाटली उलटी करून तळ पाहिला.

मांडणी गोवर्धनची होती. वडाळीला त्याचा दोन एकरांचा फुलमळा. जुन्या बाटल्यांचा नाद त्याला सहा-सात वर्षांपासून होता. रिकाम्या बंगल्यांमागचे उकिरडे, बंद पडलेल्या कापसाच्या जिनांची आवारं, रेल्वेचा पडीक माल, जिथं काच चमकेल तिथं तो वाकायचा. राखेनं घासून, उन्हात वाळवून बाटल्या ओसरीवर रंगानं लावायचा. या वर्षी त्यानं पायऱ्यापायऱ्यांवर चाळीस बाटल्या मांडल्या आणि प्रत्येकीत एकच फूल ठेवलं. परीक्षक मडमेला ते फार आवडलं. शेजारच्या मांडणीतला किसनराव म्हणाला होता, “दारू पेले सायेब, अन् बिल्ला तुले.” सगळे हसले. गोवर्धनही हसला.

म्हातारी आली तेव्हा तो चार माणसांना यातल्या बहुतेक बाटल्या कशा मिळाल्या ते सांगत होता. गेल्या दिवाळीत तो परतवाड्याला गेला होता. तिथली छावणी उठून वर्षं झाली. एका पडक्या बंगल्याच्या आवारात त्याला एक वाफा दिसला. कडेनं बाटल्या, तोंड मातीत, बूड वर, एका ओळीत. साहेबांच्या बागेत वाफ्याला अशी कड करतात हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापानंही कॅम्पात अशा कडा केल्या होत्या. तेव्हा साहेब गेला, बाग गेली, कड राहिली, असा हिशेब त्यानं केला आणि चौतीस बाटल्या काढल्या. तीन फुटल्या. एकच निळी होती, वाफ्याच्या टोकाला.

म्हातारीनं विचारलं, वाफा केवढा होता. दोन हात लांब, गोवर्धन म्हणाला, लहानच, पण कोण्या जाणत्या माळ्यानं दोरी लावून आखलेला.

“अन् त्यात काय लावेल होतं?”

गोवर्धननं कडेची एक बाटली नीट केली. मग म्हणाला, तुळस होती.

“सायेब लोक तुयस लावतात काय रे, बापू?”

ती एवढंच बोलली. तिला प्रदर्शन दाखवायला आणणारा भाचा सहदेव पुढे झाला आणि बाकीचं त्यानं सांगितलं. ती परतवाड्याची माणिकबाई. तिचा नवरा शालिकराम त्या बंगल्यावर माळी होता. त्यांची दीड वर्षाची मुलगी तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. शालिकरामनं साहेबाला विचारून तिला बागेच्या कोपऱ्यात ठेवलं. दगड बसवायची ऐपत नव्हती आणि रीतही नव्हती. म्हणून मेसमधल्या रिकाम्या बाटल्यांची कड केली, डोक्याशी औषधाची निळी. तिच्या तळात तांदळाएवढा बुडबुडा होता. शालिकराम वारला. माणिकबाई दर आखजीला, अक्षय्य तृतीयेला, तिथं पाणी घालायची, तुळस वाळली असली तर नवी लावायची.

गोवर्धननं सगळ्या बाटल्या पोत्यात भरायला घेतल्या. लोक पाहत होते. माणिकबाई म्हणाली, बाटल्या काय करायच्या, कडेशिवाय मला जागा सापडायची नाही, जागा दाखव. चांदीचा बिल्ला घ्यायला तो संध्याकाळी गेला नाही. बिल्ला अजून प्रदर्शनाच्या कमिटीकडे आहे.

घरी त्यानं बायकोला, जमुनाला, जे सांगितलं ते प्रदर्शनात सांगितलं नव्हतं. ती तुळस पाहून त्या दिवशी त्याचा हात थांबला होता. साहेबाच्या वाफ्यात तुळस काहून, हा प्रश्न त्याला तेव्हाच पडला होता. आवाराच्या चौकीदाराला विचारता आलं असतं. त्यानं विचारलं नाही, कारण चौकीदार नको म्हणाला असता. त्यानं तुळस मुळासकट काढली, बांधावर ठेवली, तिला हात जोडले आणि पहिली बाटली उपटली.

जमुना म्हणाली, “हात जोडले म्हंजे तुले समजलंच होतं.”

सोमवारी सकाळच्या मोटारीनं तो माणिकबाई आणि सहदेवबरोबर परतवाड्याला गेला. एकतीस बाटल्या पोत्यात होत्या. आवारात शिरल्यावर तिघंही जागीच उभी राहिली. जमीन नांगरलेली होती. बंगल्याच्या नव्या मालकानं संत्र्याची कलमं लावण्यासाठी पौषात नांगर फिरवला होता. चौकीदारानं सांगितलं, वाफा राखायला मालकाची मनाई नव्हती. मधे काही खूण असती तर गडी वळसा घालून गेला असता. दिसलं नाही, म्हणून सरळ गेला.

माणिकबाईची लांबची नजर आता अधू आहे. विहीर आहे, पण कुंपण गेलं, कोपरा कुठं होता ते तिला सांगता येईना. ती गोवर्धनकडे पाहू लागली. तो विहिरीपासून पावलं मोजत गेला, परत आला, पुन्हा गेला. दिवाळीच्या त्या दिवशी त्यानं जागा पाहिलीच नव्हती, बाटल्या पाहिल्या होत्या. अर्धा तास झाला. माणिकबाई ढेकळांवर बसली.

मग एका ठिकाणी तो थांबला आणि म्हणाला, “इथं, माय.”

“हेच?”

“हेच.”

तिनं डोकं विहिरीकडे होतं एवढं सांगितलं. त्यानं दोरी लावली, दोन हात माप घेतलं, चर काढला आणि एकतीस बाटल्या तोंड खाली करून बसवल्या. निळी विहिरीच्या बाजूला. सहदेवनं मालकाशी बोलून तेवढी जागा सोडायचं कबूल करून घेतलं. माणिकबाईनं बरोबर आणलेली तुळस मधे लावली, मातीवर हात फिरवला आणि गोवर्धनच्या पाठीवरही फिरवला. 

जागा खरी की अंदाजाची, हे जमुनानं त्या रात्री विचारलं. अंदाजाची, तो म्हणाला. खरं म्हणजे अंदाजही नव्हता. तिथं ढेकळं कमी होती, खणायला सोपं जाईल, म्हणून तिथं थांबलो.

मग जाऊन सांग, असं जमुना तेव्हापासून म्हणते आहे. सांगितलं तर म्हातारीकडे खोटीही जागा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. ते म्हातारीसाठी आहे की स्वतःसाठी, असं जमुनानं एकदा विचारलं. त्यावर तो मळ्यात निघून गेला. ओसरीवरच्या बाकीच्या बाटल्या त्यानं पोत्यात भरून ठेवल्या आहेत.

५ एप्रिलला परतवाड्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं माणिकबाईचा निरोप आणला. तुळस जगली आहे. आखजीला ये, लेकराच्या जागेवर दोघं मिळून पाणी घालू, मग घरी जेव. तू नसतास तर जागा गेलीच होती.

आज १५ तारीख. आखजी सोमवारी, २० ला आहे. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला. गोवर्धननं येतो किंवा येत नाही, काहीच कळवलेलं नाही.