आमी म्हणजे किती जण?

आबांचा रेझ्युमे मी लिहिला आणि मीच तो बिघडवला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेल्या मुलीची अक्कल ती.

आबा, म्हणजे माझे वडील दादासो, कबनूरच्या एका मागाच्या कारखान्यात बावीस वर्षं जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. दिवाळीनंतर मालकानं सगळे माग भंगारात घातले. घरी बसून आबांनी दोन महिन्यांत मिक्सर, सायकल, शेजारच्या मीनाबाईंचं शिलाई मशीन, सगळं उघडून पुन्हा बसवलं. मग कळलं की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीला मशीन दुरुस्तीचा माणूस हवाय. आबांचं वय पन्नासला टेकलेलं. ही नोकरी हुकली तर पुढं कोण विचारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी विचारत गेले, ते सांगत गेले. चोवीस माग आमी सांभाळलं. जुन्या मागाला नवी मोटर आमी बसवली. मी झोकात इंग्रजीत लिहून टाकलं: जॉबरांच्या टीममध्ये काम केलं, टीमला मदत केली.

चार दिवसांनी कंपनीतून अनुजा मॅडमचा फोन आला. आबांनी स्पीकर लावला. टीममध्ये किती जण होते, असं त्यांनी विचारलं.

"टीम कुठली? आमी एकटंच की."

मॅडमचा आवाज जरा कोरडा झाला. रेझ्युमेत वेगळंच लिहिलंय, खरं काय ते लिहून आज पाचपर्यंत पाठवा, नाहीतर अर्ज बाजूला ठेवावा लागेल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं माणूस एकटा जेवला तरी "आमी जेवलो" म्हणतो. जन्मापासून हेच ऐकत आलेय. पण चोवीस माग एकटा माणूस सांभाळत असेल आणि तो माणूस आपला बाप असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फार लाज वाटली मला.

पुन्हा बसलो. आता प्रत्येक वाक्यात "मी" पाहिजे, असं मी बजावलं.

"मी मी करायला आमी काय शेरडं हाय व्हय?" आबा वैतागले.

मग मीच खोदून खोदून विचारलं आणि वर्षं, आकडे घालून लिहिलं. साडेचारला मराठीत वाचून दाखवलं. चोवीस माग, एकट्यानं. शिकवून तयार केलेले सात जॉबर, जे आज दुसऱ्या कारखान्यांत आहेत. मागात सूत घेऊन पळणारा धोटा उडून एका बाईचा डोळा जाता जाता वाचला, त्यानंतर कुणी न सांगता प्रत्येक मागाला बसवलेली जाळी. आबा भिंतीला टेकून, मान खाली घालून ऐकत होते.

वाचून संपलं. मी पाठवू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"गडी कामाचा हाय की ह्यो," ते म्हणाले. "ह्येला घ्यायला पायजे."