शीवेचा दगड

“हेरिंगचा काटा माशात जसा मधोमध असतो, तसा दोन्ही पक्षांच्या मधोमध राहा,” शपथ देणाऱ्या म्हाताऱ्याचा तो घोगरा आवाज न्यायाधीश फिनलोला वीस वर्षांनीही ऐकू येई. मॅन बेटावर तेव्हा कायदा कागदावर नव्हता, न्यायाधीशाच्या छातीत असे.

आज समोर त्याची थोरली बहीण वूरी आणि तिचा शेजारी इलियम उभे होते. वूरीच्या घरच्यांनी शीवेचा दगड सरकवलाय, ओढ्याकाठचं कुरण आपलं, असं इलियमचं म्हणणं.

“साक्षीदार?” फिनलोने विचारलं.

“सगळे मेले, महाराज,” इलियम म्हणाला. “आता दगडानंच तोंड उघडावं!”

लोक हसले. साक्षीदार नसला तर दगड हलवायचा नाही, हा कायदा सगळ्यांना पाठ होता.

“आटप रे फिनलो,” वूरी म्हणाली, “माझ्या गाई खोळंबल्यात. कुरण गेलं तर त्यांना काय तुझा कायदा चारू?”

फिनलो खुर्चीवरून उठला, खाली उतरला आणि साक्षीदाराच्या जागी जाऊन उभा राहिला.

“अरे, हे काय चालवलंयस?”

“ताई, एक साक्षीदार जिवंत आहे. बाबांनी तो दगड उचलून सरकवला, तेव्हा त्याचं दुसरं टोक मी धरलं होतं.”