कंपनीतला माणूस

शाळेच्या अंगणात भूमेश्वरीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं, तेव्हा तिनं चपला पायात घातल्या आणि पुन्हा काढल्या. टेबलावर नवी शिलाई मशीन होती. पोलिसांचा मदतीचा मेळावा होता. सरकार या गावात यायचं ते असंच, बंदुका आणि भेटवस्तू एकाच गाडीत घालून. मशीन तिला नको होती असं नाही. पण दरेकसाच्या जंगलातले लोक काही डोळे मिटून बसलेले नव्हते. पोलिसांचं घेणाऱ्याला ते मागाहून येऊन विचारत, आणि त्यांचं विचारणं कसं असतं ते गावानं पाहिलं होतं. म्हणून आज काही झालं तरी जागचं हलायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"हिच्या घरी कोणी माणूस नाही का?" फौजदारानं विचारलं.

तिच्या सासूला, गुणवंताबाईला, बोलायला एवढं निमित्त पुरे.

"हाये ना साहेब. पोरगा कंपनीत हाये माहा. मोठी बंदूक भेटली त्याले."

अंगणातला गलका एकदम बसला. या डोंगरात बंदूकवाली कंपनी म्हणजे एकच, जंगलातल्या नक्षल्यांची तुकडी. दोन शिपाई भिंतीपासून पुढे सरकले. म्हातारी मात्र कौतुकानं हसतच होती.

"कोणती कंपनी, आजी?" फौजदाराचा आवाज भलताच मऊ झाला.

भूमेश्वरी उठलीच.

"तसली नाही, साहेब. प्रायवेट कंपनी हाये, काबूलची. फौजेतून रिटायर झाले न तिकडं गेले. बाहेरदेशाच्या मदतीचं काम चालू हाये, त्याची राखण करतेत."

फौजदार हसला, तसे सगळेच हसले.

"अहो, मग आमचीच माणसं तुम्ही. मशीन घ्यायला लाजता कशाला?"

आता नाही म्हणणं म्हणजे हातानं संशय ओढवून घेणं. तिनं मशीनला हात लावला, फोटो निघाला. ऊन उतरायच्या आत पोलिसांच्या गाड्या निघूनही गेल्या.

दिवेलागणीला ती स्टेशनावर गेली. गावात रेंज तिथंच मिळायची. बाकावर बसे, उठे, पुन्हा बसे. मशीन ठेवू की कोणाला देऊन टाकू, एवढंच तिला नवऱ्याला विचारायचं होतं. टिकेशचा फोन आला तो मोठ्या खुशीत.

"आज इकडच्या एका गावात कंबल वाटले आमी. गोरे साहेब होते. एक बुढा उठूनच नाही राहिला! नाव पुकारून पुकारून थकलो. शेवटी मीच गेलो न दंड धरून उभा केला त्याले. फोटो पाहिजे होता ना साहेबाले."

"मंग घेतला त्यानं?"

"घेतला. नाही घेऊन, जाते कुठं? काऊन भेतेत का मालूम. आमी त्यायच्याच भल्यासाठी आहोन."

तोंडाशी आलेला प्रश्न तिनं गिळला. फोन या कानाचा त्या कानाला नेला.

"आता कोण हाये त्याच्या घराकडं?"

"कोणाच्या?"

"त्या बुढ्याच्या."

"मले काय मालूम? अंधार पडायच्या आत आमची गाडी क्याम्पात येते. रूलच हाये तसा."

"इकडंबी तोच रूल हाये," भूमेश्वरी म्हणाली.