जोडलेली पानं

मी एक कवितासंग्रह. जन्म लंडनच्या छापखान्यात, पण बरंचसं आयुष्य गेलं यॉर्कशायरच्या एका गिरणीगावात, पाद्री जोसाया थॉर्नले यांच्या घरी.

आमची पानं कडेला जोडलेली येत. सुरीनं कापाल तेव्हा उघडणार. जोसायांनी डोंगर, ढग आणि देव असलेली पानं तेवढी कापली. प्रेमाची, बंडाची तशीच ठेवली. "घरात लग्नाची मुलगी आहे," म्हणाले आणि सुरी खिशात घातली. निम्म्या कविता माझ्या पोटात कोंडलेल्या! जीव नुसता गुदमरायचा.

पण मुलगीही काही कमी नव्हती. केझाया तिचं नाव. जोडलेली पानं वरच्या उघड्या बाजूनं फुगवायची, एक डोळा मिटून आत डोकावायची आणि वाचायची. पान न फाटता कविता पाठ! कुणी बघितलं तर, या धास्तीनं मी अर्धा व्हायचो.

मग गिरणीमालक बॅराक्लफ चहाला येऊ लागले. विधुर, पोक्त, चॅपलला, म्हणजे जोसायांच्या प्रार्थनाघराला, सढळ हातानं देणगी देणारे. केझायाला ते नको होते. बाबांनी मात्र परस्पर शब्द देऊन टाकला होता. त्या रविवारी चहाला तिनं 'हो' म्हणायचं, असं ठरलं.

"काहीतरी बोधपर वाचा की, पाद्रीसाहेब," बॅराक्लफ म्हणाले.

जोसायांनी तळ्याची कविता काढली. कविता पुढच्या जोडलेल्या पानात शिरत होती, पण कापलेलं पान संपलं, तिथे ते थांबले. "झाली."

किटली हातात घेतलेली केझाया बोलून गेली, "'मन जिथे नाही, तिथे दिलेला हात हेच पाप.'"

जोसाया पांढरेफटक पडले.

"ही ओळ तुला कुणी सांगितली? कोण आहे तो?"

"कुणी नाही, बाबा."

"खोटं! पुढचं पान अजून जोडलेलं आहे!"

मला वाटलं, संपलं सगळं. आता ही रडणार आणि 'हो' म्हणणार. तिनं किटली खाली ठेवली.

"जोडलेलंच आहे ना? मग ती ओळ त्याच पानावर आहे, हे तुम्हाला कसं ठाऊक, बाबा?"

बॅराक्लफ एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत राहिले.

"विशीत वाचली होती, दुसऱ्या प्रतीत," जोसाया कसेबसे म्हणाले. "सगळी पाठ होती. मग... सुधारलो."

"मला नाही सुधारायचं. बॅराक्लफसाहेब, माफ करा. माझं उत्तर 'नाही' असं आहे."

बॅराक्लफ हॅट उचलून निघून गेले. बाबांनी लेकीला घराचं दार बंद केलं ते कायमचं. निघताना तिनं मला तेवढं सोबत घेतलं.

आता आम्ही लीड्सला एका खोलीत राहतो. ती मुलींना शिकवते, कोळसा जपून जाळते, रविवारी घरच्या आठवणीनं रडते. मी काय करणार? शेजारणी कुजबुजतात, पुस्तकांनी पोर वाया घालवली. आळ माझ्यावर खुशाल घ्या हो. तिला मात्र बिघडलेली म्हणू नका.