हरणांचा प्रादुर्भाव

वन विभागाचा माणूस फोनवर हसत होता, आणि त्याचं हसू थांबायची वाट पाहत पितांबर भंगाळे समोरच्या कागदाकडे बघत होता.

"सावद्याला हरीण? साहेब, रानडुक्कर म्हणा, नीलगाय म्हणा, लगेच माहिती देतो. हरणाचं काय देऊ?"

कागदावर विधानसभेचा तारांकित प्रश्न होता. मंत्र्यांनी त्याचं उत्तर सभागृहात द्यायचं होतं, आणि उत्तराचा मसुदा जळगावच्या या कृषी कार्यालयातून संध्याकाळपर्यंत वर जायला हवा होता. पितांबरने पुन्हा एकदा वाचलं.

(१) सावदा (ता. रावेर, जि. जळगाव) परिसरातील केळीच्या बागांमध्ये हरणांचा मोठ्या प्रमाणावर प्रादुर्भाव झाल्याने शेतकऱ्यांना झाडे उपटून फेकावी लागत आहेत, हे खरे आहे काय ?

प्रादुर्भाव माव्याचा होतो. बुरशीचा होतो. हरणांचा कळप होतो. एवढं वरपर्यंत एकाच्याही कानाला खटकू नये?

झालं कसं, ते त्याला वाचताक्षणीच कळलं होतं. केळीवर हरण्या नावाचा रोग येतो. पानावर पिवळे पट्टे पडतात, नवं पान गुंडाळलेलंच राहतं, मग आतला पोंगा, म्हणजे गाभ्यातली कोवळी सुरळी, सडतो. औषध नाही. झाड उपटायचं आणि पुरायचं, नाहीतर मावा ही कीड तो रोग शेजारच्या बागेत नेते. हरण्या हे नाव का पडलं ते कोणी धड सांगत नाही. पण रावेरकडच्या तोंडात ण टिकत नाही, पाण्याचं पानी होतं, तसं हरण्याचं हरन्या होतं. आमदारांच्या कार्यालयातल्या मुलाने फोनवर ऐकलं तसंच हरन्या लिहिलं असणार. वरच्या कुणा शुद्धलेखनाच्या माणसाला ती चूक वाटली असणार. त्याने ती सुधारली, हरन्याची हरणं केली.

आणि आमदारांच्या कार्यालयाला फोन करून हरन्या सांगणारा माणूस पितांबरचा सख्खा मोठा भाऊ होता. भाईदास.

(२) असल्यास, उक्त बागांचे पंचनामे करण्यात आले आहेत काय ?

नाही. म्हणून तर प्रश्न लावला होता.

भाईदासने बहुतेक बाग उपटून खड्ड्यात घातली होती. बांधाकडची एक ओळ मात्र उभी ठेवली होती, सरकारचा माणूस आला तर त्याला दाखवायला काहीतरी हवं म्हणून. माणूस येत नव्हता. वरून आदेश नाही म्हणत होते. मंत्र्यांनी सभागृहात एकदा "हे खरे आहे" म्हटलं की आदेश निघेल, असं भाईदासला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते चूक नव्हतं. तोवर ती रोगट ओळ रोज वाऱ्यावर डुलत होती आणि शेजारच्या हितेंद्रची निरोगी बाग बांधापलीकडे होती. हितेंद्रने आधी विनंती केली. मग बोलणं सोडलं. गाव भाईदासला आबा म्हणे. आता हितेंद्र गावात म्हणत होता, आबाची ओळ आबाने नाही काढली तर मी काढीन.

पितांबर कागद घेऊन ज्योती मॅडमकडे गेला. मॅडम त्याच्या वरिष्ठ, पण वयाने लहान, कामाला चोख, आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून नीट जेवलेल्या नव्हत्या. त्यांच्या टेबलावर रिक्त पदांचा प्रश्न होता, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवरच्या कराचा प्रश्न होता (तो या कार्यालयाचा नव्हताच, तरी आला होता), आणि एक असा होता की तो नेमका काय विचारतो हेच कुणाला कळलं नव्हतं.

पितांबरने हरणांचं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

प्रश्न दुरुस्त करायला वर कळवू, असं तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, छापून झालाय, सभागृहाचा झालाय. त्यातला काना बदलायचाही आपल्याला अधिकार नाही. मग उत्तर वन विभागाकडे पाठवू, त्याने विचारलं. वन विभागाने लेखी कळवलंच होतं की केळी हे पीक असून पिकांचा विषय कृषी विभागाचा आहे.

"भंगाळे, विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं असतं. हरणं आहेत का? नाहीत. मग लिहा, हे खरे नाही. बाकीचे प्रश्न उद्भवत नाहीत."

"मॅडम, झाडं उपटलीत ते खरंय."

"मला माहितीय." त्यांनी कागद परत त्याच्याकडे सरकवला. "एक ओळ जोडा. पण भाषा अशी ठेवा की वरून कोणी खोडणार नाही."

पितांबरचं अर्धं आयुष्य या टेबलावर गेलं होतं. हे खरे आहे, हे अंशतः खरे आहे, हे खरे नाही, आणि प्रश्न उद्भवत नाही: एवढ्या चार वाक्यांत त्याने पूर, गारपीट, बोगस बियाणं, सगळं बसवलं होतं. पिंप्राळ्याच्या घरी बायको, लताबाई, त्याला भाजीत मीठ कमी झालं का असं विचारायच्याच नाहीत. विचारलं की तो अंशतः म्हणायचा, आणि ते तो गमतीने म्हणत नाही हे त्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी मात्र त्या चारांतलं एकही नुसतं पुरेना. त्याने लिहिलं: हरणांमुळे नव्हे, तथापि हरण्या या विषाणूजन्य रोगामुळे झाडे उपटावी लागत आहेत, हे खरे आहे. हरण्या या शब्दाखाली रेघ मारली. कंसात रोगाचं शास्त्रीय नाव टाकलं, म्हणजे कुठल्याही शुद्धलेखनाच्या हाताने ते परत हरीण होऊ नये. मॅडमनी वाचून सही केली.

(३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे ?

रात्री भाईदासचा फोन आला.

"लागला का रे प्रश्न?"

"लागला, नाना."

"मंग? काय म्हनतं सरकार?"

पितांबरने हरणांचं काही सांगितलं नाही. उत्तर वर गेलंय, एवढंच म्हणाला. भाईदास मात्र खुशीत होता. मंदावहिनीने अंगण सारवून घेतलं होतं, गणपती मंडळाच्या खुर्च्या मागून आणल्या होत्या. पंचनाम्याला साहेब लोक आले तर ते बांधावर बसतील का?

"म्या त्या पोऱ्याले नीट सांगतलं होतं बरं, हरन्या. तो म्हने, लिव्हलं आबा. लिव्हलं नं त्यानं?"

"लिहिलं."

प्रश्नाच्या दिवशी पितांबरने कार्यालयात मोबाइलवर कामकाज लावलं. सभागृहात प्रश्न वाचत नाहीत, क्रमांक पुकारतात. क्रमांक पुकारला गेला. मंत्री उठले, कागद बघितला आणि म्हणाले, हरणांमुळे नुकसान झाल्याची बाब निदर्शनास आलेली नाही, हे खरे नाही, उर्वरित प्रश्न उद्भवत नाहीत.

"तथापि" नव्हतं. जळगाव आणि मुंबई यांच्यामध्ये कुठल्यातरी टेबलावर ते वाक्य गळलं होतं. कोणी वाईट मनाने गाळलं असेल असंही पितांबरला वाटेना. विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं असतं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, हरणं नसतील तर वाघ सोडा. हशा झाला. मंत्रीही हसले. आमदार उभे राहून रोग, रोग म्हणत होते, पण गलक्यात ते वाघ म्हणतायत की रोग, हे कळत नव्हतं. अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा.

ज्योती मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही आज लवकर निघा.

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

पितांबर सावद्याच्या बसने गेला आणि तिथून रिक्षाने शेतापर्यंत. भाईदासने वाट पाहिली नव्हती. शेवटची ओळ आडवी झाली होती. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहून झाडं आत ढकलत होता. रस्त्यावरून हितेंद्र मोटारसायकलवर गेला. त्यानेही मोबाइलवर पाहिलं होतं. गाडी हळू करून म्हणाला, "आबा, गेले का हरनं?" मग त्याला आडवी पडलेली ओळ दिसली. त्याने गाडी थांबवली, उतरला, आणि दोन झाडं ओढत खड्ड्यापर्यंत आणून दिली. परत गाडीवर बसून निघून गेला.

बांधावरच्या निंबाखाली मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एका रांगेत मांडलेल्या होत्या. पुसलेल्या.

"बस साहेब," भाईदास म्हणाला. "आला एक तं आला."

पितांबर बसला नाही. त्याने चपला काढल्या, पँट दुमडली आणि एका झाडाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी ते आत टाकलं. त्याच्या सदऱ्यावर केळीचा चीक उडाला. तो डाग जात नाही, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं.

"मंत्री काही खोटं नाही बोलला," भाईदास म्हणाला. "आपल्या वावरात हरीन येतच नाही."

पितांबरला त्या समजूतदारपणाचाच राग आला. भाईदासने शिव्या द्यायला हव्या होत्या. निदान आपल्याला तरी.

माती लोटून झाल्यावर भाईदासने विचारलं, "तो कागद तुह्या हातचा होता का रे?"

"हो."

"काय लिव्हलं होतं तू?"

"हे खरे आहे."

भाईदासने फावडं जमिनीत रोवलं.

"लिव्हलं होतं नं," तो म्हणाला. "मंग झालं."

मग त्याने खुर्च्या एकात एक घातल्या, अर्ध्या भावाकडे दिल्या, आणि दोघं त्या डोक्यावर घेऊन हितेंद्रच्या हिरव्या बागेच्या कडेने, पानांना धक्का लागणार नाही असं अंग चोरत, मंडळाकडे परत करायला निघाले.