नावं ठेवलेलं घड्याळ

वखारीच्या मालकाला सगळे शेठ म्हणत, आणि शेठची लाकूड घ्यायची रीत अख्ख्या बाजाराला पाठ होती. ओंडक्याभोवती एक फेरी मारायची, बोटाच्या पेराने ठकठक करायचं, कान लावायचा, आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "आतून पोकळ आहे हो. काय करायचंय घेऊन?" विकणाऱ्याचा चेहरा उतरायचा, मागोमाग भाव उतरायचा. मग तोच ओंडका शेठ झोपलेलं लेकरू उचलावं तसा अलगद गाडीत चढवून घ्यायचा.

घड्याळंही त्याने अशीच जमवली. बड्या बड्या नावांची, दिवस फिरलेल्या माणसांच्या मनगटांवरून उतरलेली. कुणाचा काटा थरथरतो म्हणाला, कुणाची तबकडी पिवळी पडली म्हणाला, आणि म्हणता म्हणता खिशात घालून घरी आला. शिसवी पेटीचे सगळे कप्पे भरले. रविवारी सकाळी तो पेटी उघडून बसे, एकेकाला चावी देई, कानाशी नेई, हसे. त्या वेळी बायकोने पेटीच्या बाजूने जायचं नाही, असा दंडक होता. तिच्या हाताला प्लास्टर लागलेलं असतं, म्हणे. ती दातांच्या कवळ्या बनवायची. हात धुऊन धुऊन सालपटं निघायची, तरी शेठला तिच्या नखांत पांढरी भुकटी दिसायचीच.

आज मात्र तीच पेटी शेठच्या बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर होती आणि बायकोच पेटीसमोर बसली होती. शेठला आता वेगळं व्हायचं होतं. "जमत नाही," एवढंच कारण त्याने दिलं होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाटण्या लवकर झाल्या. घर तिला, वखार त्याला. वकीलबाईंनी रिवाजाने विचारलं, आणखी काही? तेव्हा ती म्हणाली होती, "एक घड्याळ. कुठलं ते मी ठरवणार."

शेठने आकाशपाताळ एक केलं. शेवटी कबूल झाला. एक म्हणजे एकच, आणि एकदा निवडलं की बदलायचं नाही.

वकीलबाईंना वाटलं, सूड आहे. सूड होताच, पण चवीपुरता. खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती या खोलीत दुसऱ्या फक्त एका बाईला ठाऊक असायला हवी होती. ती म्हणजे शेठची बहीण, तिची नणंद. टेबलाच्या टोकाला हाताची घडी घालून बसलेली.

लग्न झालं त्याच आठवड्यात शेठने चारचौघांत म्हटलं होतं, "नाक जरा बसकंच आहे हिचं. चालायचंच!" सगळे हसले. तीही हसली आणि आत जाऊन नळ सोडून रडली. तेव्हा नणंद मागून आली होती. पाठीवर हात फिरवत म्हणाली होती, "वहिनी, वेड्या की काय तुम्ही? दादाची रीत माहीत नाही का? ज्याला हवंहवंसं वाटतं, त्यालाच तो नावं ठेवतो. वखारीत जाऊन बघा."

ती वखारीत गेली. बघितलं. खरंच होतं.

त्या एका वाक्यावर तिने सगळा संसार केला. आवाज घोगरा म्हणाला, तिने ते ओंजळीत घेतलं. भाजी बेचव म्हणाला, ओंजळीत घेतलं. चालणं फताडं, हसणं फिदीफिदी, माहेर फाटकं. पारिजात वेचावा तसा एकेक शब्द वेचला, आणि मनाला म्हणाली, बघ, किती हवी आहेस तू त्याला. आता तो सोडून चालला होता. जाईना का. माणसं आटतात, विहिरीसुद्धा आटतात. पण कधीकाळी पाणी होतं की नव्हतं, एवढं तिला कळायला हवं होतं. शेठच्या तोंडून खरं निघणार नाही. घड्याळं मात्र बोलतील: ज्याला तो नावं ठेवेल तेच त्याचं लाडकं निघालं, तर नणंदेचं म्हणणं खरं.

"चला, करा सुरुवात," वकीलबाई म्हणाल्या.

शेठने पहिला कप्पा ओढला. "हे बघ. सोन्याचं. याच्या पाठीला काच आहे, आतली चाकं नाचताना दिसतात. असं काम आता कोण करतं? आणि हे, पोलादी. समुद्रात टाक, तळाशी जाऊन टिकटिक करील पठ्ठ्या. यातलं घे. तुझ्या हातात शोभेल."

"माझ्या हातात?" ती म्हणाली. "आज शोभायला लागलं होय?"

नणंद खोकली. वकीलबाईंनी कागद उगाचच नीट केले.

शेठने एकेकाची तारीफ केली. चंद्र दाखवणारं, तास वाजवणारं, बिस्किटासारखं चौकोनी. कौतुक करताना त्याचा आवाज मऊ पडत होता. ती ऐकत होती आणि मनाशी म्हणत होती, वाढ, वाढ, भुलवायला गोडाचं ताट वाढ. मग तिने खालच्या कप्प्यातल्या एका साध्या घड्याळावर बोट ठेवलं. पांढरी तबकडी, तपकिरी कातडी पट्टा.

"हे?"

"ते?" शेठचं तोंड वाकडं झालं. "त्यात काय ठेवलंय? नाव तेवढं मोठं. काच खरवडलेली, पट्टा कुजलेला, दिवसाकाठी मागे पडतं. आतून पोकळ आहे. ते नको घेऊस."

अख्ख्या पेटीत त्याने नाव ठेवलेलं हे एकच. ठकठक केली, तोंड वाकडं केलं, पोकळ म्हणाला. आता फक्त उचलायचं आणि त्याचा चेहरा बघायचा. चेहरा उतरला की झालं. मग घटस्फोटाची नोटीस असो, सही असो, काही बिघडत नाही.

"हेच," ती म्हणाली.

"वहिनी, नीट बघा," नणंद पटकन बोलली. "सोन्याचं घ्या ना. दादा देतोय तर."

"हेच हवंय मला."

"नक्की?" शेठने विचारलं.

"नक्की."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला नाही. आधी तो गोंधळला, मग त्याच्या गालांत हसू फुटलं, आणि त्याने सोन्याचं घड्याळ उचलून चटकन आपल्या खिशात टाकलं. हरवता हरवता सापडलेली वस्तू माणूस ठेवतो तसं.

"वकीलबाई, लिहून घ्या बरं. बदलायचं नाही हं!" तो म्हणाला. "अगं, मी खरंच सांगत होतो. एवढा एकच सौदा माझा फसला. किती जणांना दाखवलं, फुकट दिलं तरी कुणी नेईना. तुला काय वाटलं, मी थाप मारतोय?"

"तुम्ही हवं त्यालाच नावं ठेवता." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "सगळा बाजार सांगतो."

शेठ मनापासून हसला. त्या हसण्यात काटा नव्हता, हेच वाईट होतं.

"ते घेताना गं! घेताना भाव पाडायचा असतो. एकदा घरात आल्यावर कशाला खोटं बोलू? घरातल्या वस्तूला मी जे म्हणतो ते खरंच म्हणतो."

खोलीत पंखा फिरत होता. वकीलबाई लिहीत होत्या. नणंदेने मान खाली घातली होती आणि ती वर येत नव्हती.

नाक बसकं. आवाज घोगरा. सगळं घरात आल्यावर म्हटलेलं. आणि लग्नाआधी? ती आठवू लागली. लग्नाआधी शेठने तिला एका शब्दानेही नाव ठेवलं नव्हतं. मुलगी दाखवली, हो म्हणाला. घासाघीस करावी इतकीसुद्धा ती त्याला हवी नव्हती.

"सही इथे," वकीलबाई म्हणाल्या. तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच तिला नवल वाटलं.

जिन्यात नणंदेने तिला गाठलं. धापा टाकत होती.

"वहिनी, थांबा ना जरा. मी... तेव्हा तुम्ही इतक्या रडत होतात. मला दुसरं काही सुचलं नाही हो. दादा कसा आहे ते मला का माहीत नव्हतं? पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले."

"वाटलं की," ती म्हणाली.

"रागावलात?"

"नाही हो, वन्सं. रागवायचं काय त्यात? बरंच वाटलं." तिने कठड्याला धरलं. "नसतं वाटलं, तर त्याच आठवड्यात निघून गेले असते."

नणंदेचा हात पुढे आला, हवेतच राहिला. तिला तिथेच सोडून वहिनी एकेक पायरी उतरत खाली गेली. वरून शेठचा आवाज आला, तो वकीलबाईंना पेटी दाखवत होता, आणि त्या "वा! वा!" म्हणत होत्या.